धातूंचा झारेकरी

सराफ बाजार उठला, सोनारांनी आपापल्या शेगड्या विझविल्या, की झारेकऱ्याचे काम सुरू होत असे. दुकानापुढील धूळ, शेगडीतील राख, गटारातील गाळ हे सारे तो पाटीत भरून नेई आणि पाण्याने सावकाश धुई. माती हलकी म्हणून वाहून जाई. सोन्याचे कण जड म्हणून तळाशी बसत. इतरांच्या दृष्टीने जो केवळ केर, त्यातच त्याच्या घरची भाकरी असे. हा व्यवसाय आपल्याकडे फार जुना आहे.

ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या मार्गालगत जी औद्योगिक वसाहत वसली आहे, तीत पावणे येथे हिंदुस्तान प्लॅटिनम या नावाचा कारखाना आहे. तेथेही एका अर्थाने झारेकऱ्याचेच काम चालते. मात्र तेथील केर निराळा आणि तो धुण्याची रीतही निराळी. औषधे, खते, खनिज तेल इत्यादींच्या कारखान्यांत काही रासायनिक क्रिया घडवून आणण्यासाठी प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा अल्पसा अंश वापरावा लागतो. हे धातू त्या क्रियेत खर्ची पडत नाहीत. केवळ आपल्या सान्निध्याने ते तिला वेग देतात. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. वाढपी स्वतः पानावर बसत नाही, पण त्याच्यावाचून पंगत पुढे सरकत नाही. तसेच हे आहे. परंतु काही काळाने काजळी व इतर मळ बसून उत्प्रेरक मंदावतो आणि तो काढून टाकावा लागतो. अशा थकलेल्या उत्प्रेरकातून मूळ धातू वेगळे करून ते पुन्हा शुद्ध स्वरूपात मिळविणे, हे या नव्या झारेकऱ्याचे काम होय. येथे नुसत्या पाण्याने भागत नाही. येथे तीव्र आम्ले लागतात, क्षार लागतात आणि एका धातूला दुसऱ्यापासून अलग करणारी सूक्ष्म युक्ती लागते.

ही युक्ती ज्याने प्रथम पूर्णत्वास नेली आणि तिच्याच साहाय्याने दोन नवे धातू जगाला दिले, तो रसायनशास्त्रज्ञ दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेला. विल्यम हाइड वुलस्टन हे त्याचे नाव.

वुलस्टनचा जन्म ६ ऑगस्ट १७६६ रोजी इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातील ईस्ट डेरहॅम या गावी झाला. त्याचे वडील फ्रान्सिस वुलस्टन हे धर्मोपदेशक होते; परंतु रात्रीच्या वेळी दुर्बिणीतून आकाशाचे निरीक्षण करण्याचा त्यांना मोठा नाद होता. घरात मुलेबाळे पुष्कळ. अशा भरल्या कुटुंबात, विद्याव्यासंगी पित्याच्या सहवासात विल्यमचे बालपण गेले. एखादी वस्तू बारकाईने न्याहाळावी, जे दिसले ते नेमके टिपून ठेवावे आणि खात्री झाल्यावाचून तोंडातून शब्द काढू नये, हे वळण त्याला लहानपणीच लागले असावे. कारण पुढे जन्मभर ते त्याच्या अंगी दिसून आले.

लंडनच्या चार्टरहाउस शाळेतील शिक्षण संपवून तो केंब्रिजला गेला व तेथे त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. १७९३ साली तो वैद्यकातील सर्वोच्च पदवी घेऊन उत्तीर्ण झाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटी या विख्यात विद्वत्सभेने त्याला आपला सभासद करून घेतले. हंटिंग्डन व नंतर बरी सेंट एडमंड्स या गावी त्याने रुग्णसेवा केली आणि १७९७ मध्ये तो लंडनला येऊन राहिला. वैद्य म्हणून तो कुशल होता. परंतु या व्यवसायात त्याचे मन रमेना. रोग्याचे दुःख पाहून तो अतिशय व्यथित होई. दुसरीकडे रसायने, स्फटिक, धातू आणि प्रकाश यांची कोडी त्याला रात्रंदिवस खुणावीत होती. अखेर १८०० साली, घरच्यांकडून मिळालेल्या धनाचा आधार होताच, त्याने वैद्यकी कायमची सोडली. चांगली चाललेली वृत्ती टाकून अनिश्चित मार्गाला लागणे हे धाडसच होते. आप्तेष्टांना ते रुचले नसेल तर नवल नाही.

या नव्या मार्गावर त्याला स्मिथसन टेनंट या मित्राची साथ लाभली. हिरा म्हणजे शुद्ध कोळसाच होय, हे हिरा जाळून सिद्ध करणारा तो हाच टेनंट. दोघांनी भागीदारी केली आणि २४ डिसेंबर १८०० रोजी सुमारे आठशे पौंड देऊन एक विलक्षण माल खरेदी केला. दक्षिण अमेरिकेतील नद्यांच्या वाळूत सापडणाऱ्या करड्या धातूचे ते सुमारे सहा हजार औंस कण होते. स्पेनच्या राजवटीतून ते चोरट्या वाटेने इंग्लंडात आले होते.

हा धातू म्हणजे अशुद्ध प्लॅटिनम. स्पॅनिश लोक त्याला तुच्छतेने छोटी चांदी म्हणत. त्यांच्या भाषेतील त्या शब्दावरूनच प्लॅटिनम हे नाव आले. सोन्याच्या खाणींत तो सोन्याबरोबर येई आणि कामात विघ्न आणी. लबाड लोक या जड धातूची सोन्यात भेसळ करीत, म्हणून एके काळी स्पॅनिश अधिकारी तो नदीत फेकून देण्याची आज्ञा देत. ज्याला पुढे सोन्याच्या तोलाची किंमत यावयाची होती, त्याच्या वाट्याला आरंभी अशी जलसमाधी आली!

प्लॅटिनमचे गुण मात्र विद्वानांना ठाऊक झाले होते. तो गंजत नाही. बहुतेक आम्लांना दाद देत नाही. भट्टीच्या प्रखर उष्णतेतही टिकतो. रसायनशाळेतील मुशी व भांडी बनविण्यास याहून उत्तम धातू कोणता? अडचण एकच होती. त्याला घडवावे कसे, हे उमगत नव्हते. तो वितळण्यास १७६८ अंश सेल्सिअस इतके तापमान लागते आणि त्या काळच्या भट्ट्यांना ते साधत नसे. शिवाय मूळ कणांत इतर धातू मिसळलेले असल्यामुळे तो ठिसूळ होई व हातोड्याखाली फुटे. युरोपातील अनेक रसायनशास्त्रज्ञांनी प्रयत्न केले. कोणी सोमल घालून तो वितळविला, कोणाला एखादा चांगला तुकडा साधला. पण दर वेळी खात्रीने उत्तम माल देणारी रीत हाती आली नव्हती.

वुलस्टनने १८०१ साली लंडनमधील बकिंगहॅम रस्त्यावर घर घेतले व त्याच्या मागील बाजूस आपली प्रयोगशाळा थाटली. त्याची रीत थोडक्यात अशी होती. नत्राम्ल व लवणाम्ल यांच्या मिश्रणाला आम्लराज म्हणतात. सोन्यासारखा धातूसुद्धा त्यात विरघळतो. वुलस्टनने खनिजाचे कण आम्लराजात विरघळविले. त्या द्रावात नवसागर टाकताच प्लॅटिनमचा पिवळा साका खाली बसला. तो गाळून, धुऊन मंद आचेवर तापविला असता नवसागराचा अंश धुरावाटे निघून गेला आणि स्पंजासारखे सच्छिद्र, करडे प्लॅटिनम मागे उरले. ते तो हातांनी किंवा लाकडी बत्त्याने अलगद चोळी. कठीण खलात कधीही घोटीत नसे. कारण घोटल्याने कणांना जिल्हई चढते आणि मग ते परस्परांना चिकटत नाहीत, हे त्याने अनुभवाने जाणले होते. ती भुकटी पाण्यात कालवून तो पितळी नळीत भरी, दाबयंत्राने तिची घट्ट वडी करी, ती वाळवी, भट्टीत लालबुंद तापवी आणि मग ऐरणीवर ठेवून घणाने ठोकी. असे केले असता न वितळविताच प्लॅटिनमचा एकजीव गोळा तयार होई. त्याचे पत्रे करावेत, तारा ओढाव्यात. जे अग्नीला साधले नव्हते, ते काटेकोर शुद्धतेने व धीराने साधले.

एवढ्यावर थांबला असता, तर वुलस्टन हा एक कुशल कारागीर म्हणून ओळखला गेला असता. त्याची खरी थोरवी यापुढे दिसते. प्लॅटिनम काढून घेतल्यावर दोन वस्तू शिल्लक राहत. एक म्हणजे आम्लराजातही न विरघळलेली काळी पूड, आणि दुसरी म्हणजे साका गाळल्यावर उरलेला रंगीत द्राव. हा माल बहुतेकांनी उकिरड्यावर ओतला असता. या दोघा मित्रांनी तो आपसांत वाटून घेतला! काळी पूड टेनंटने घेतली आणि तीतून ऑस्मियम व इरिडियम हे दोन नवे धातू शोधून काढले. उरलेला द्राव वुलस्टनच्या वाट्यास आला.

त्या द्रावात जस्त किंवा लोखंड टाकले की काळसर धातूंचा गाळ खाली बसे. हा गाळ म्हणजे राहून गेलेले प्लॅटिनम असावे, अशी सहज समजूत झाली असती. परंतु वुलस्टनने तो पुन्हा विरघळवून पाहिला, तेव्हा त्याची वागणूक प्लॅटिनमशी तंतोतंत जुळेना. फरक अल्प होता. पण तो त्याने दृष्टीआड केला नाही. शोध घेता घेता १८०२ साली त्याला चांदीसारखा शुभ्र असा एक नवा धातू मिळाला. त्याच वर्षी पॅलस नावाचा लघुग्रह आकाशात सापडला होता. त्याच्या नावावरून वुलस्टनने आपल्या धातूला पॅलेडियम हे नाव दिले. पॅलेडियम काढून घेतल्यावर राहिलेला द्रावही त्याने टाकला नाही. त्यापासून त्याने जे क्षार बनविले, त्यांतील बाकीचे मद्यार्कात विरघळले आणि एक गडद गुलाबी क्षार तेवढा मागे राहिला. या गुलाबी क्षारातून १८०४ मध्ये आणखी एक धातू निघाला. गुलाबाच्या ग्रीक नावावरून त्याला ऱ्होडियम म्हणतात. अशा रीतीने एकाच वाळूतून, जो भाग इतरांनी फेकला असता त्यातून, दोन मित्रांनी चार मूलद्रव्ये उजेडात आणली.

परंतु पॅलेडियमच्या शोधाने वुलस्टनला एका नैतिक पेचातही टाकले. शोध जाहीर करावा, तर तो कोठून लागला हे सांगावे लागणार. आणि ते सांगितले, तर प्लॅटिनम शुद्ध करण्याचे व्यापारी गुपित फुटणार. गप्प राहावे, तर दुसरा कोणीतरी शोधाचे श्रेय घेऊन जाणार. यातून त्याने एक विचित्र वाट काढली. एप्रिल १८०३ मध्ये लंडनच्या सोहो भागातील एका दुकानात पॅलेडियम अर्थात नवी चांदी विक्रीस ठेविली असल्याचे निनावी पत्रक निघाले. पत्रकात त्या धातूचे गुणधर्म दिलेले होते. शोधकाचे नाव मात्र नव्हते.

रसायनशास्त्रज्ञांत खळबळ उडाली. रिचर्ड चेनेव्हिक्स या आयरिश रसायनशास्त्रज्ञाला ही शुद्ध फसवणूक वाटली. त्याने दुकानातील सगळा माल विकत घेतला, अनेक प्रयोग केले आणि रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून जाहीर केले, की हा नवा धातू नसून प्लॅटिनम आणि पारा यांचा मिश्रधातू आहे. त्या वर्षी त्याला सोसायटीचे मानाचे कोपली पदकही मिळाले. सत्य काय ते सभेतील एकाच सभासदाला माहीत होते आणि तो मौन धरून बसला होता! चेनेव्हिक्सला आपल्या निष्कर्षापासून परावृत्त करण्याचा त्याने प्रयत्न केला, पण खरे कारण सांगण्याचे टाळले.

काही महिन्यांनी दुसरी निनावी जाहिरात प्रसिद्ध झाली. जो कोणी कृत्रिम रीतीने वीस गुंजांहूनही कमी, म्हणजे अवघे २० ग्रेन पॅलेडियम तयार करून दाखवील, त्याला २० पौंडांचे बक्षीस देऊ केले होते. बक्षीस घेण्यास कोणीही पुढे आला नाही.  अखेर १८०५ च्या आरंभी वुलस्टनने आपणच पॅलेडियमचा शोधक असल्याचे प्रकट केले व धातू वेगळा करण्याची सविस्तर रीत रॉयल सोसायटीला सादर केली. त्याचा शोध खरा ठरला. पण आपल्याला अंधारात ठेवून हसे होऊ दिले, असे अनेकांना वाटले. चेनेव्हिक्सने पुढे रसायनशास्त्र सोडले व तो साहित्याकडे वळला.

या प्रसंगी वुलस्टन सर्वस्वी निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. ज्ञान हे सर्वांचे, पण पोट ज्याचे त्याचे, या दोहोंच्या ओढाताणीत तो सापडला होता. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निनावी पत्रकातही त्याने एकही असत्य गुणधर्म छापला नव्हता. ज्याला पडताळा पाहावयाचा असेल, त्याने पाहावा, अशी त्याची तयारी होती. चूक झाली ती चेनेव्हिक्सची परीक्षा घाईची ठरली म्हणून. आणि मैत्रीला तडा गेला तो वुलस्टनचे मौन लांबले म्हणून. विद्येच्या क्षेत्रात दोन्ही गोष्टी महाग पडतात.

वुलस्टनने एकूण सुमारे वीस वर्षे प्लॅटिनमचा व्यवसाय केला. या काळात सुमारे ४७,००० औंस खनिज त्याच्या हातांखालून गेले व त्यापासून सुमारे ३८,००० औंस घडाऊ प्लॅटिनम तयार झाले. पॅलेडियम व ऱ्होडियम मात्र प्रत्येकी काहीशे औंसच मिळाले. यावरून हे धातू किती दुर्मिळ आहेत हे कळून येईल. प्लॅटिनमच्या मुशी रसायनशाळांत गेल्या. बंदुकीच्या बत्तीचे छिद्र झिजू नये म्हणून तेथे प्लॅटिनम बसवू लागले. गंधकाम्ल आटवून तीव्र करण्यासाठी प्लॅटिनमच्या मोठ्या कढया तयार झाल्या. काचेची भांडी फुटून होणारा अपघात त्यामुळे टळला आणि गंधकाम्लाच्या धंद्याला बळ आले. वुलस्टनला या व्यवसायात चांगले धन मिळाले.

त्याची बुद्धी एका विषयात कोंडून राहणारी नव्हती. १८०२ मध्ये सूर्यप्रकाश लोलकातून पाहताना त्याला वर्णपटात काळ्या रेषा दिसल्या. त्या रेषांचे मर्म पुढील पिढ्यांनी उलगडले आणि त्यांच्याच आधारे दूरच्या ताऱ्यांत कोणती द्रव्ये आहेत हे ओळखता येऊ लागले. समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे भासवून चित्रकाराला रेखाटन सोपे करणारे उपकरण त्याने १८०६ मध्ये तयार केले. स्फटिकांचे कोन मोजण्याचे अचूक साधन त्याने १८०९ मध्ये बनविले. मूतखड्यातील एक नवे द्रव्य त्याने १८१० मध्ये ओळखले. चांदीच्या आवरणात प्लॅटिनमची तार घालून ती दोन्ही एकत्र ओढावयाची व मग नत्राम्लाने चांदी तेवढी विरघळवून टाकावयाची, या युक्तीने केसाहूनही कितीतरी बारीक तार त्याने १८१३ मध्ये काढून दाखविली.

एवढे कार्य करणाऱ्याची प्रयोगशाळा भव्य असेल, असे कोणासही वाटेल. परंतु ती पाहण्याची परवानगी तो सहसा कोणाला देत नसे. एकदा एका परदेशी विद्वानाने फार आग्रह धरला, तेव्हा वुलस्टनने नोकराकडून एक तबक आणविले. त्यात काचेच्या काही बश्या, फुंकणी, तराजू असे चारदोन जिन्नस होते. हीच आपली प्रयोगशाळा, असे त्याने पाहुण्यास सांगितले, अशी आख्यायिका आहे. धातूचा तिळाएवढा कण घेऊन त्यावर परीक्षा करण्यात त्याचा हातखंडा होता. तो अविवाहित होता, मितभाषी होता आणि मानासाठी हपापलेला नव्हता. १८२० साली रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद रिकामे झाले, तेव्हा काही महिने त्याने ते सांभाळले. पण कायमचे अध्यक्षपद न स्वीकारता ते हंफ्री डेव्ही याच्याकडे जाऊ दिले.

१८२८ साली त्याचा डावा हात बधिर होऊ लागला. तो मूळचा वैद्य. लक्षणांचा अर्थ त्याला उमगला. मेंदूत गाठ झाली होती. आता एका गोष्टीचा निकाल लावणे अवश्य होते. अठ्ठावीस वर्षे जपलेले प्लॅटिनम घडविण्याचे गुपित त्याच्याबरोबरच नाहीसे होणार की काय? लेखणी धरण्याची शक्ती उरली नव्हती. म्हणून त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या आपली रीत सांगितली व दुसऱ्याकडून लिहवून घेतली. आम्लाचे प्रमाण, आच किती असावी, भुकटी कशी चोळावी, कोणती चूक टाळावी, हे सारे त्याने काही न लपविता सांगितले. २० नोव्हेंबर १८२८ रोजी तो निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. सोसायटीने त्याला राजपदक देऊन गौरविले. याच दिवसांत त्याने रॉयल सोसायटीला आणि भूविज्ञानाच्या सोसायटीला संशोधनासाठी मोठ्या रकमा दिल्या.

अखेरच्या घटकेला त्याची वाचा गेली. आता त्याला शुद्ध राहिली नाही, असे भोवतालच्या मंडळींपैकी कोणी म्हणाले. ते ऐकून त्याने खुणेने कागद व शिसपेन मागितली, काही आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांची अचूक बेरीज करून दाखविली. २२ डिसेंबर १८२८ रोजी त्याचे देहावसान झाले. भूविज्ञान सोसायटीस दिलेल्या देणगीतून त्याच्या नावाचे पदक सुरू झाले. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतील प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचे संशोधन करणाऱ्या फाल्कनर व कॉटली यांना १८३७ साली हेच पदक मिळाले. १९३० पासून ते पॅलेडियमचे बनविले जाते.

वुलस्टनने जे प्लॅटिनम घडविले, त्याचा सर्वांत मोठा गुण मात्र त्याच्या डोळ्यांपुढे नुकताच उलगडू लागला होता. प्लॅटिनमची तापलेली तार ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्योतीवाचूनही ती झगझगत राहते, हे डेव्हीने १८१७ मध्ये पाहिले. १८२३ मध्ये जर्मनीतील डोबेरायनर याने स्पंजासारख्या प्लॅटिनमवर हायड्रोजन वायूचा झोत सोडला, तो वायू आपोआप पेटला! हे सच्छिद्र प्लॅटिनम म्हणजे पिवळा साका तापविल्यावर वुलस्टनच्या मुशीत उरत असे तेच. पुढे बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशा क्रियांना उत्प्रेरण हे नाव दिले. तेव्हापासून या धातूंची मागणी वाढतच गेली. मोटारींच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करण्यासाठी जी जाळीदार नळकांडी बसवितात, त्यांत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू वापरतात. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह देशातील चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना अशी नळकांडी बसविणे सक्तीचे झाले.

आमच्या ठाणे जिल्ह्याशीही या धातूंचे नाते जवळचे आहे. कल्याणजवळ शहाड येथे रेयॉनचा धागा काढतात. रेयॉनचा धागा ज्या सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून बाहेर पडतो, ती आम्लाने झिजू नये म्हणून सोने व प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूची करण्याची पद्धत आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले. औषधे बनविताना रेणूला हायड्रोजन जोडावयाचा असतो, तेथे कोळशाच्या पुडीवर बसविलेले पॅलेडियम उपयोगी पडते. ते थकले, की ती काळी पूड जाळतात, राख विरघळवितात आणि पॅलेडियम पुन्हा वेगळे करतात. आज यासाठी नवनवी द्रावके व राळा उपलब्ध झाल्या आहेत. भट्टीत तांब्याच्या रसात हे धातू गोळा करण्याची रीतही प्रचारात आहे. तरीही अखेरीस आम्लराजासारख्या द्रावात नवसागर टाकून प्लॅटिनमचा पिवळा साका पाडण्याची वुलस्टनची रीत अद्याप मोडीत निघालेली नाही.

हा उद्योग केवळ पैशासाठी महत्त्वाचा आहे असे नाही. खाणीतील एक टन दगड फोडला, तर त्यातून हे धातू सहसा काही ग्रॅमच निघतात. वापरलेल्या उत्प्रेरकात त्यांचे प्रमाण त्याहून कितीतरी पट अधिक असते. शिवाय आपल्या देशात प्लॅटिनमच्या खाणी चालत नाहीत. बहुतेक माल परदेशांतून आणावा लागतो. म्हणून जुना उत्प्रेरक हीच आपली खाण होय. मात्र या खाणीलाही एक पथ्य आहे. धातू काढून घेतल्यावर आम्लाचे व जड धातूंचे पाणी उरते. ते शुद्ध केल्यावाचून सोडले, तर एका हाताने मिळविलेले धन दुसऱ्या हाताने गमावल्यासारखे होते. उल्हास नदीने व ठाण्याच्या खाडीने रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याचा त्रास पुष्कळ सोसला आहे. शेवटचा द्रावही तपासल्यावाचून ओतावयाचा नाही, हा वुलस्टनचा नियम येथे दुहेरी उपयोगाचा आहे. त्यात धनही राहिलेले असते आणि विषही.

वुलस्टनजवळ मोठी यंत्रे नव्हती, मनुष्यबळ नव्हते. त्याच्याजवळ होती ती सूक्ष्म दृष्टी आणि अपार धीर. काम संपले असे इतरांना वाटे, तेथून त्याचे काम सुरू होई. ज्ञान दडवून ठेवण्याचा मोह त्यालाही आवरला नाही. पण जगाचा निरोप घेण्यापूर्वी ते त्याने जगाच्या हवाली केले. आज एखाद्या कारखान्यात थकलेल्या उत्प्रेरकाच्या राखेतून शुभ्र धातू पुन्हा झळकू लागतो, तेव्हा लंडनच्या त्या एकांतप्रिय झारेकऱ्याने घालून दिलेली वाटच तेथे चालली जात असते.